नववी कोणाच्या मते?

मार्च लागला की माझ्या बोटांना तंबाखूचा वास येतो. मी जन्मात कधी तंबाखू खाल्ली नाही, आणि शेवटची हाताळली त्याला आता पन्नास वर्षं होत आली. तरी होळी झाली, दुपारचे रस्ते ओस पडू लागले, फाटकाजवळच्या कडुलिंबाला बारीक पांढरी फुलं आली, की वाचता वाचता पान उलटायला बोट ओठांशी नेते आणि तिथंच थांबते. उठून साबणानं हात धुते. वास जात नाही. मुलगा म्हणतो, "आई, तो वास तुझ्या डोक्यात आहे." असेल. त्या उन्हाळ्यातलं बरंच काही माझ्या डोक्यात राहिलंय, त्यात हा बिचारा वास तेवढा कुठं हाकलू?

आज सकाळपासून शेजारची मुलगी गच्चीवर येरझाऱ्या घालत मोठमोठ्यानं पाठ करते आहे. रसायनशास्त्र असावं. शब्द मला कळत नाहीत, पण चाल ओळखीची आहे. वाक्याच्या शेवटी आवाज चढवायचा, अडलं की दोन पावलं मागं जायचं आणि पुन्हा धाव घ्यायची. मी चहाचा कप घेऊन बाल्कनीत बसले, आणि चहा निवेपर्यंत सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्या अंगणात जाऊन पोचलेही.

तेव्हा मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. विषय मराठी, आणि त्यात मी हौसेनं साहित्यशास्त्र घेतलं होतं. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. मोहोळजवळच्या आमच्या शेतात उभं राहून वडिलांनी विचारलं होतं, "ह्या शास्त्रानं काय व्हतं?" काव्यात रस कसा निर्माण होतो ते कळतं, असं त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही. "मास्तरीण होता येतं," मी म्हणाले. ते कडब्याच्या गंजीकडे वळून म्हणाले, "दोन वर्सं देतो. पयल्या झटक्यात पास हो. न्हाईतर घरी ये, मंग आमी बघतो." ते काय बघणार होते ते मला पक्कं ठाऊक होतं. माढ्याकडचं एक स्थळ तर बघूनही झालं होतं.

खोली मिळाली ती नरसम्मांच्या घरात. सगळी वस्ती तेलुगू विणकरांची. गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी मागांची खटखट सुरू व्हायची, ती झोपेतसुद्धा कानात चालू राहायची. गटारातून सूत रंगवलेलं पाणी वाहायचं, एके दिवशी जांभळं, दुसऱ्या दिवशी हिरवंगार. पहिल्या आठवड्यात जांभळं गटार ही मी गल्लीची खूण धरली, आणि रंग बदलल्यावर पुस्तकांची पिशवी घेऊन तासभर उन्हात हिंडले. इतकी मी हुशार होते.

नरसम्मांचे यजमान यंत्रमागावर जात. मुलगा भिवंडीला माग चालवायला गेलेला. घरात सासू आणि सून विड्या वळत. सून पद्मा माझ्याच वयाची, सहावा महिना लागलेली. समोरच्या घरातून शांताबाई यायच्या, माहेरच्या कुंभारी गावच्या, तोंडाच्या फटकळ. तिघी कडुलिंबाखाली मांडीवर सूप घेऊन बसल्या, की गल्लीतल्या खटखटीला एक हलकीशी सळसळ मिळायची. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली टेंभुर्णीच्या झाडाची पानं सकाळी बाहेर निघत. पत्र्याचं माप ठेवून पान कातरायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, टोक मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. मला हे सांगायला जितका वेळ लागला, त्याहून कमी वेळात पद्माची विडी तयार व्हायची.

मी खोलीत येरझाऱ्या घालत पाठ करायचे. माझी एक वाईट खोड होती, अजून आहे. मोठ्यानं म्हटल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नाही. एक दिवस नरसम्मांनी बाहेरून हाक मारली, "ए विमल, भिंतीला काय सांगतीस गं? हितं येऊन सांग की. आमचे हात गुतलेत, कान मोकळेच हायत."

मी वही घेऊन झाडाखाली गेले. "आन् नुस्तं बसू नगं," शांताबाईंनी माझ्या हातात कात्री दिली. "तोंड चालतंय तवर पानं काप."

अशी माझ्या अभ्यासाची ती रीत पडली. वही मातीवर उघडी, तिच्यावर दगड, माझ्या हातात कात्री आणि तोंडात अलंकार. रूपक सांगताना मी मुखचंद्र सांगितला, तर शांताबाई म्हणाल्या, "चंद्रावर डाग हाईत की. बाईला सांगितलं न्हाई का कुनी?" करुणरस सांगितला तेव्हा नरसम्मा फक्त हुं म्हणाल्या आणि हातातली विडी बाजूला काढून ठेवली. ती वाकडी झाली होती. कितीदा तरी मला वाटायचं की वर्गातला तास नुसता उजळणीचा होता आणि शिकणं इथं चाललंय. वाऱ्याची झुळूक आली की कडुलिंबाची फुलं सुपात पडायची. पद्मा ती वेचून टाकायची नाही. एखादं फूल तंबाखूबरोबर विडीत वळलं जायचं, आणि मी विचार करत बसायचे की ते कुणाच्या ओठांशी जाऊन जळणार.

आमचे निफाडकर सर साहित्यशास्त्र शिकवायचे. अंगानं काडी, बारा महिने काखेत छत्री. सोलापुरात पावसासाठी छत्री बाळगणारा माणूस एकतर भाबडा असतो किंवा श्रद्धाळू. सर दोन्ही होते. त्यांचा एकच हट्ट होता. कुठलंही विधान केलं की ते मध्येच हात वर करायचे, "कोणाच्या मते?" वहीच्या समासात लाल शाईनं हेच. काव्याचा आत्मा ध्वनी आहे. कोणाच्या मते? प्रतिभा जन्मजात असते. कोणाच्या मते? "मत कुणाचं तरी असलं तर ते मत," सर म्हणायचे. "कुणाचंच नसेल तर ती चूक." मी घरी येऊन हे अंगणात सांगितलं. त्यानंतर शांताबाईंनी तो शब्द उचलला तो उचललाच. आमटीत मीठ कमी आहे म्हटलं की विचारायच्या, "कुनाच्या मते?"

त्याच वर्षी कॉलेजच्या सभागृहात पुण्याहून एक बाई स्त्रीमुक्तीवर बोलायला आल्या. आम्ही मुली मागच्या रांगांत बसलो, मुलं पुढं बसून खोकली. बाई फार छान बोलल्या. पुस्तकांतली स्त्री कोणी लिहिली, कोणाच्या डोळ्यांनी बघितली, असं काहीतरी त्या विचारत होत्या. मी सगळं वहीत उतरवून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि परीक्षेला हे येणार नाही म्हणून वही मिटली. मला वाटतं, त्या सभागृहातून माझ्यासारख्याच वह्या मिटून बऱ्याच जणी घरी गेल्या असतील.

मग नायिकाभेद आला. शृंगाराच्या प्रकरणात शास्त्रकारांनी नायिकेच्या आठ अवस्था सांगितल्या आहेत. प्रियकर येणार म्हणून नटूनथटून बसते ती वासकसज्जा. तो येत नाही म्हणून तळमळते ती विरहोत्कंठिता. त्याच्याशी भांडून मग पस्तावते ती कलहांतरिता. आपण होऊन त्याच्याकडे निघते ती अभिसारिका. अशा आठ. मी एकेक सांगत गेले आणि अंगणात भलतीच मजा सुरू झाली. गल्लीतल्या कोण कुठली ते ठरायला लागलं. शांताबाईंनी स्वतःला बिनदिक्कत कलहांतरितेत घातलं, "फकस्त त्ये पस्तावायचं सोडून."

सातवी सांगितली. प्रोषितभर्तृका. जिचा नवरा परगावी गेलाय ती.

पद्माचे हात थांबले. "ही मी," ती म्हणाली. तिच्या आवाजात एक कौतुक होतं, जणू जत्रेत अचानक कोणी नावानं हाक मारली. "काय करती ती?"

मी वाचलं. ती वेणी घालत नाही, दागिने उतरवते, कृश होते, शय्येवर पडून त्याच्या वाटेकडे डोळे लावते.

"पडून ऱ्हाती?" पद्मानं विचारलं. "मग पानं कोण कापतं?"

आम्ही सगळ्या हसलो. पद्मा हसली नाही, तिला खरंच कळून घ्यायचं होतं. मी वही खालीवर केली. आठही जणींच्या घरी पानं कोण कापतं हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. आठही जणी त्याच्यामुळे नटत होत्या, रुसत होत्या, झुरत होत्या. तो आला, तो आला नाही, तो दुसरीकडून आला. तेवढ्यात दारातून नरसम्मांचे यजमान कामावरून आले, पाय धुऊन आत गेले. नरसम्मांनी मान वर केली नाही. "भाकरी झाकून ठेवलीय," एवढंच म्हणाल्या आणि दोरा तोडला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "जिचे हात कामात हायत ती कुठली गं? आला तर आला, न्हाई तर न्हाई. ती नाय त्यात?"

"नाही," मी म्हणाले.

"मग घाल की."

मी थट्टेतच नाव तयार केलं. व्यग्रहस्ता. जिचे हात कामात आहेत, म्हणून जिला वाट बघायला सवड नाही, ती व्यग्रहस्ता. नरसम्मांनी ते नाव दोनदा म्हणून बघितलं, आणि बरं आहे अशी मान हलवली. "आन् कुनाच्या मते?" शांताबाईंनी टोकलंच. "माझ्या," नरसम्मा म्हणाल्या. "नरसम्माच्या मते. असं लिही परीक्षेत."

मागावर म्हणायच्या एका तेलुगू गाण्याच्या चालीवर पद्मानं त्या नऊ जणींना बसवलं. नऊ नायिकांना एक विडी असा हिशेब आपोआप जमला, नवव्या नावावर दोरा तोडायचा. मग सगळा मार्च, निम्मा एप्रिल, गल्लीत तीच चाल. पाणी शेंदताना, भाकरी थापताना. पाच वर्षांच्या पोरी ठिकरी खेळताना अभिसारिका म्हणत एका पायावर उड्या मारायच्या. भोंगा वाजला की पाळी सुटायची, रस्ता माणसांनी भरायचा, ओसरायचा. ऊन इतकं पांढरं असायचं की डोळे मिटले तरी झाडाचा आकार दिसत राहायचा. मी पानं कापत असायचे. त्या दिवसांत मला काळजी नव्हती असं नाही, वडिलांचं वाक्य रोज आठवायचं. तरी इतकी सुखात मी नंतर क्वचितच होते.

पेपरच्या दिवशी पद्मानं माझ्या हातावर दही घातलं. परीक्षेच्या खोलीत शेजारच्या बाकावरच्या मुलीनं नाक मुरडलं. माझ्या बोटांचा वास. तिसरा प्रश्न नायिकाभेदाचा होता. मला आनंदानं हसू आलं. खाली मान घालून मी मनात ती चाल सुरू केली आणि लिहीत सुटले. पुरवणी जोडली, दोरा बांधला, बाहेर आले. व्हरांड्यात माठापाशी एक मैत्रीण बोटं मोडत म्हणाली, "त्या आठ बायांनी हात मोडला बाई."

मी नऊ लिहिल्या होत्या. शास्त्रकारांनी नायिकेच्या नऊ अवस्था सांगितल्या आहेत, असं ठणठणीत अक्षरात लिहून नववीची व्याख्यासुद्धा दिली होती. चालीत नऊ होत्या, म्हणून नऊ आल्या. नाव मात्र कुणाचंच घातलं नव्हतं.

मी रडत सरांच्या घरी गेले. सरांनी सगळं ऐकून घेतलं, छत्री उगाच उघडून मिटली. "शास्त्रकारांच्या तोंडी घातलंस ही चूक," ते म्हणाले. "पण व्याख्या वाईट नाही. तोंडी परीक्षेला मी विचारीन. कोणाच्या मते ते सांगता आलं, तर मला काही बोलता येईल. सांग विचार करून."

विचार कसला करायचा होता? मला उत्तर ठाऊकच होतं.

तोंडी परीक्षेला सरांच्या शेजारी बाहेरगावचे परीक्षक होते. इस्त्रीचा कोट, टेबलावर पेपरवेट, वर पंखा. त्यांनी माझं अक्षर चांगलं आहे म्हटलं. मग सरांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "तुम्ही नववी नायिका लिहिलीत. कोणाच्या मते?"

माझ्या जिभेवर नाव होतं. पण ते त्या खोलीत कसं दिसेल ते मला आधी दिसलं. नरसम्मांची तंबाखूनं पिवळी पडलेली बोटं, गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं लुगडं, गटाराचं हिरवं पाणी. बाहेरचे परीक्षक हसतील असं वाटलं. मला त्या खोलीतली व्हायचं होतं. मी म्हणाले, "कोणाच्याच नाही सर. माझी चूक झाली."

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "ठीक आहे," ते म्हणाले, आणि पुढचा प्रश्न परीक्षकांना विचारू दिला. ते माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी अंगणात तिघी वाट बघत होत्या. नरसम्मांनी विचारलं, "घातलं का नाव?"

"घातलं."

"मग? काय म्हणाले?"

"आवडली त्यांना. फार आवडली."

नरसम्मांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग सुपातलं एक पान उचलून कातरायला घेतलं.

पहिला वर्ग थोडक्यात हुकला, पण मी पास झाले. माढ्याचं स्थळ मागं पडलं, सोलापुरातल्याच एका कॉलेजात नोकरी लागली. पेढे घेऊन एकदा नरसम्मांकडे गेले. पद्माला मुलगी झाली होती, तिला मांडीवर घेतलं. त्यानंतर त्या गल्लीकडे पाय वळले नाहीत. वीस मिनिटांच्या चालीवर होती ती. मी सभांमध्ये स्त्रीवादी समीक्षेवर बोलायला लागले, पुस्तकांतली स्त्री कोणी लिहिली असं पुण्याच्या बाईंसारखंच विचारायला लागले, लोक टाळ्या वाजवायचे. आणि दर वर्षी बी.ए.च्या वर्गात नायिका आठच सांगायचे. फळ्यावर आठवं नाव लिहून झालं की खडू क्षणभर हवेत राहायचा. मुलांना वाटायचं, बाई विसरल्या.

अशीच वीस वर्षं गेली. एका मार्चमध्ये सराव परीक्षेचे पेपर तपासत बसले होते. एक पेपर उघडला आणि तंबाखूचा वास आला. डोक्यातला नव्हे, खराच. पुरवणीच्या कोपऱ्यात पिवळट बोट उमटलं होतं. वाचत गेले. शास्त्रकारांनी नायिकेच्या नऊ अवस्था सांगितल्या आहेत. नववी, व्यग्रहस्ता.

नाव बघितलं, भाग्यलक्ष्मी. वर्गात मागं बसणारी, कमी बोलणारी मुलगी. दुसऱ्या दिवशी तिला बोलावलं. मला वेगळं काही विचारायचं होतं, तोंडातून सरांचा प्रश्न निघाला, "ही नववी कोणाच्या मते?"

ती घाबरली. "चुकलं का मॅडम? आमच्या घरात सगळ्यांना पाठ हाय. आई विड्या वळताना म्हणती. नानम्मा म्हणती, म्हणजे माझी आजी, की ही नववी तिची हाय. एका बाईनं एम.ए.च्या परीक्षेत तिचं नाव घालून लिहिली, अन् तपासणाऱ्यांना लई आवडली."

"आजी आहेत अजून?"

"हायत की. हात कापतेत, विड्या सोडल्या."

खिडकीबाहेर तेच पांढरं ऊन होतं. मी खोटं बोलले होते, आणि ते खोटं एका घरानं वीस वर्षं जपून ठेवलं होतं. मला फार लाज वाटली. मी तिला सांगितलं, सगळं. की ती बाई मीच. की नाव घातलं नव्हतं, विचारल्यावरसुद्धा सांगितलं नव्हतं. की तपासणाऱ्यांना आवडली की नाही हे मला ठाऊक नाही, मी त्यांना सांगितलीच नाही.

मुलीनं ऐकून घेतलं. मग विद्यार्थ्याला साजेसा प्रश्न विचारला, "मग मॅडम, खऱ्या परीक्षेत किती लिहू?"

मी तिचा पेपर पुढं ओढला आणि समासात लाल शाईनं लिहिलं, 'शास्त्रकारांच्या मते आठ. नरसम्मांच्या मते नववी, व्यग्रहस्ता.' "असं लिही," मी म्हणाले. "नावासकट. आणि आज घरी गेलीस की हे आजीला वाचून दाखव. मी सांगितलेलं सगळं सांग."

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर भाग्यलक्ष्मी टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"दाखवलंस?"

"व्हय मॅडम. दोनदा वाचाय लावलं. मग त्या शाईवर बोट ठेवून बसली." ती हसू दाबत होती. "म्हणाली, तिनं नाव घातलं न्हाई ते मला त्याच दिवशी कळलं होतं. अन् म्हणाली, एक पेपर तपासायला लई वर्षं लागली की तुमच्या बाईला. घरी ये म्हणावं, पानं कापायची ऱ्हायलीत."